दहा मासे की बारा? : वाचकांचे प्रश्न, सुभेदारांची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो, की रायफलीच्या गोळीचं वजन ग्रॅममध्ये नव्हे, ग्रेनमध्ये सांगतात. एवढ्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली चार इथं घेतोय. राहिलेल्यांनी राग मानू नये. काहींनी तर लायसन कसं काढायचं एवढंच विचारलंय, त्याचं उत्तर डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसच्या खिडकीवर मिळतं.

प्रश्न : सुभेदारसाहेब, आमचं वडिलोपार्जित सराफी दुकान आहे. तुमचा ग्रेन म्हणजे आमची गुंज काय? आमच्या जुन्या तराजूत रायफलीची गोळी घातली तर किती भरेल?
(एक सराफ, शहापूर, बेळगाव)

उत्तर : शेठ, गुंज नव्हे, पण गुंजेच्या नात्यातला आहे. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. तुमच्या तिजोरीत एखादा राणीछाप रुपया असेलच. तो न झिजलेला असेल तर १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरेल. हल्ली तुम्ही मंडळी दहा ग्रॅमलाच तोळा म्हणता, तो इथं चालायचा नाही.

आता तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे मासा बरोबर १५ ग्रेनचा आणि गुंज दोन ग्रेनला थोडी कमी. गंमत पुढं आहे. जगात .३० कॅलिबरच्या (हे नळीचं माप, इंचात) रायफलींना सगळ्यात जास्त खपणाऱ्या गोळ्या १५०, १६५ आणि १८० ग्रेनच्या. करा हिशेब. दहा मासे, अकरा मासे आणि पुरता तोळा! अमेरिकेतल्या गोळ्या पाडणाऱ्यांनी शहापूरचा तराजू काही बघितला नसणार, पण जुळतंय खरं. कॉलेजची पोरं एनसीसीत मारतात ती .२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे दोन मासे पाच गुंजा. हवेच्या बंदुकीचा छर्रा जेमतेम चार-साडेचार गुंजा.

हे वजन फक्त उडणाऱ्या गोळीचं. पितळी केस, दारू, ठिणगी टाकणारी टोपी त्यात धरत नाहीत. आणि मेहरबानी करून काडतूस फोडून तोलायला जाऊ नका. दुकानात काडतूस आलं कुठून, हा प्रश्न पहिल्यांदा पोलीस विचारतील.

प्रश्न : नमस्कार साहेब. माझा धाकटा मुलगा न्यूझीलंडमध्ये एका डेअरी फार्मवर कामाला आहे. तिथलं लायसन काढून त्यानं जुनी .३०८ बोल्ट रायफल घेतली. रविवारी क्लबात शंभर ते तीनशे मीटरवर टार्गेट मारायचं आणि हंगामात मित्रांबरोबर हरणाला जायचं, दोन्ही एकाच रायफलीवर. दुकानदार म्हणतो १८० ग्रेन घे, मित्र म्हणतात १५०, क्लबातला म्हातारा म्हणतो १६८ मॅचशिवाय, म्हणजे स्पर्धेच्या गोळीशिवाय, हात लावू नको. मी त्याला म्हटलं थांब, आपल्या सुभेदारांना विचारतो.
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : दादा, आधी एक सांगून टाकतो, म्हणजे निपाणीतल्या कुणाला भलतं सुचायला नको. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच बरी. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी. तिथं वटवाघळं सोडली तर जमिनीवरचं मूळचं सस्तन जनावरच नव्हतं. हरणं गोऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात नेऊन सोडली, ती वाढली आणि रान खाऊ लागली. तिथं सरकारलाच ती कमी व्हायला हवी आहेत. तेव्हा पोरानं मनाला लावून घेऊ नये.

आता गोळीकडं. तिघांनी तीन आकडे सांगितले, पण ज्याला विचारायचं ते कुणी विचारलंच नाही. नळीला. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो, त्यानं गोळी भोवऱ्यासारखी गरगरत निघते. बुटका भोवरा कसाही सोडला तरी उभा राहतो. उंच भोवरा जोरात फिरवला नाही तर डुलतो आणि आडवा होतो. गोळीचं अगदी तसंच. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो, आखूड गोळीला सैल चालतो. लांब म्हणालो, जड नव्हे. इथंच निम्मे लोक चुकतात, मीही चुकत होतो.

माझी ही चूक काढली ती एनसीसीच्या कॅम्पात, १९७५ साली. मला वाटायचं, जड गोळी म्हणजे लांब गोळी, त्यात विचारायचं काय? आमच्या उस्तादांकडं .३०३ ची एक गोळी होती, उभी चिरलेली. मागं शिसं आणि पुढच्या टोकात पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम. ते म्हणाले, ‘‘बघ लेका, आत भेसळ आहे.’’ झालं होतं असं : १९१० पूर्वी .३०३ ला २१५ ग्रेनची बोथट नाकाची गोळी होती. मग इंग्रजांनी १७४ ग्रेनची टोकदार गोळी आणली, मार्क सात. वजन जवळजवळ पावणेतीन मासे उतरलं, पण टोकात हलका धातू भरल्यामुळं लांबी जवळपास तेवढीच राहिली. म्हणून दहा इंचात एक फेरा हा जुनाच पीळ तिला पुरला. वेग मात्र इतका वाढला की रायफलींच्या नेम धरायच्या साइटांवरचे आकडे बदलावे लागले. ती चिरलेली गोळी मी हातात घेऊन बसलो होतो आणि त्या दिवशी माझी भाकरी गार झाली, एवढं आठवतं.

इंग्लंडातल्या वूलिचच्या ग्रीनहिल नावाच्या प्रोफेसरानं १८७९ सालीच याचा सोपा हिशेब काढून ठेवलाय. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या किती पट ते बघायचं, त्यानं १५० ला भागायचं आणि आलेल्या उत्तराला जाडीनं गुणायचं. चौपट लांब गोळी धरा. १५० भागिले चार, साडेसदतीस. गुणिले .३०८ इंच, म्हणजे साधारण साडेअकरा इंचात एक फेरा. क्लबातल्या म्हाताऱ्याची १६८ मॅच चौपटीला किंचित कमी भरते, म्हणून ती बारा इंचाच्या नळीतही बऱ्यापैकी जाते. मुलाची नळी दहाची असेल तर वरच्या तिन्ही गोळ्या तिला चालतील.

नळीवर आकडा कोरलेला नसेल तर मोजायला दोन मिनिटं लागतात. रायफल रिकामी करायची, बोल्ट काढायचा. मूठ मोकळी फिरते अशा सळईला घट्ट चिंधी लावून ती नळीत घालायची. सळईवर एक खूण करायची, हळूहळू ढकलायचं आणि खुणेचा एक पूर्ण फेरा व्हायला किती इंच सळई आत गेली ते बघायचं. हे त्याला फोनवर सांगा. त्यानं हे न करता दुकान गाठलं तर पैसे वाया.

आता दहा, अकरा की बारा मासे? कारखान्याच्या काडतुसात १५० ग्रेनची गोळी साधारण ८६० मीटर सेकंदाला निघते, १८० ची आठशेच्या आसपास. हलकी गोळी वाटेत कमी खाली येते. जड गोळीचं तोंड तेवढंच पण मागं अंग जास्त, म्हणून ती वेग जपते, वाऱ्याला कमी भुलते, जनावरात खोल जाते. मग १८० च घ्यावी, असं वाटेल. पण तिचा धक्काही जास्त, आणि खांदा हाही हिशेबात धरायचा असतो.

धक्क्याचं माझं सांगतो. पलटणीत नवा होतो, एसएलआर, म्हणजे लष्कराची तेव्हाची सेल्फ-लोडिंग रायफल, हातात. तिची गोळी दहा माशांना थोडी कमी. ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा झुबका, चांगला पडायचा, पण एक-दोन गोळ्या नेहमी खाली डावीकडं. मी साइटला दोष दिला, गोळ्यांच्या लॉटला, म्हणजे कारखान्यातल्या त्या खेपेला, दोष दिला, शेवटी चष्म्याच्या डॉक्टरकडंही जाऊन आलो. उस्तादांनी एक दिवस मला न सांगता मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी, म्हणजे दारू नसलेला, राउंड घातला. घोडा दाबला, बार झाला नाही, आणि सगळ्या सेक्शननं बघितलं की रायफलीचं तोंड कसं खाली झुकलं ते. धक्का यायच्या आधीच मी दचकत होतो. वर्षभराचा भ्रम एका रिकाम्या गोळीनं उतरला. मुलाला सांगा, मित्राकडून असा डमी घालून घे. १८० ला दचकत असेल आणि १५० ला नसेल, तर त्याच्यासाठी १५० च जड गोळी समज.

दुसरी गोष्ट, मॅचची गोळी कागदासाठी. तिच्या टोकाला बारीक भोक असतं, ते बघून पुष्कळांना वाटतं की ही जनावरात उमलायसाठी केलीय. तसं नव्हे. वरचं तांब्याचं आवरण बुडाकडून टोकाकडं ओढत नेतात, ते भोक त्या कामाचं उरलेलं. बूड एकसारखं यावं म्हणून हा खटाटोप. हरणात ती कधी फुटते, कधी सुईसारखी आरपार जाते, भरवसा नाही. जखमी जनावर रात्रभर रानात फिरावं असं कुठल्याच शिकाऱ्याला वाटू नये. हरणाला मऊ नाकाची किंवा शिकारीसाठीच बनवलेली गोळी हवी. काहीजण हल्ली शिसं टाळून निव्वळ तांब्याची वापरतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती घेणार असेल तर एक पायरी खाली यायचं, १६५ च्या जागी १५०.

माझं मत विचाराल तर : रानासाठी १६५ ची शिकारी गोळी आणि क्लबासाठी म्हाताऱ्याची १६८ मॅच. वजनात दीड गुंजेचा फरक, धक्का सारखा, साइट फार हलवावी लागणार नाही. ‘फार’ म्हणालो. एकीवर झिरो करून, म्हणजे साइट जुळवून, दुसरी घेऊन रानात जायचं नाही. प्रत्येकीचा ग्रुप शंभर मीटरवर कागदावर बघायचा आणि कुठं पडतो ते स्कोपच्या टोपणात चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवायचं. आणि नळीनं १६५ ला तोंड वेंगाडलं आणि १५० चा ग्रुप कवडीएवढा दिला, तर माझं मत गुंडाळून ठेवायचं.

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायची, प्रॅक्टिस करते. .२२ च्या सगळ्या पाकिटांवर ४० ग्रेनच लिहिलेलं असतं, मग ग्रुपमध्ये एवढा फरक का? जास्त वेगाची गोळी घेतली तर वारा कमी लागेल का? आमच्या रेंजवर आषाढात फार वारा असतो.
(एक खेळाडू, टिळकवाडी)

उत्तर : बाळ, वजनाचा प्रश्न तुझ्यासाठी कारखान्यांनीच सोडवलाय. .२२ च्या नळीत बहुतेक सोळा इंचाला एक फेरा असतो आणि त्याला ४० ग्रेनची गोळी शोभते. ६० ग्रेनचीही निघते. कागदावर तिचं भोक गोल न पडता लांबट पडलेलं दिसलं तर समज, पीळ पुरला नाही आणि गोळी आडवी शिरली. तुझ्या कामाची नाही.

आता वेगाचं. तुला पटणार नाही, पण .२२ मध्ये जास्त वेगाची गोळी वाऱ्यानं जास्त वाहते. वारा गोळीला किती ढकलणार हे ती हवेत वेग किती गमावते त्यावर ठरतं. आपल्या हवेत आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास जातो. मॅचची गोळी ३२५ च्या आसपास निघते, म्हणजे आवाजाच्या खालीच, आणि शांतपणे जाते. हाय व्हेलॉसिटीवाली ३८० ला निघते आणि आवाजाच्या वेगाजवळ हवा तिला धरून ओढते. तिचा बराचसा वेग तिथंच जातो आणि तेवढी ती वाऱ्याच्या ताब्यात जाते. आषाढात तुला स्टँडर्ड, म्हणजे आवाजाखालच्या वेगाचीच, हवी.

या वेगानं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. ब्रिगेडची .२२ ची मॅच होती. माझा गोळ्यांचा डबा संपत आला म्हणून एका दोस्ताकडून दोन पाकिटं उसनी घेतली. वरती ४० ग्रेन लिहिलंय, बस्स, मी पुढं वाचलंच नाही. झिरो जुन्या गोळीवर केलेला. मॅचमध्ये गोळ्या इंचभर वर बसू लागल्या. तुला माहीतच आहे, ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. इंचभर वर म्हणजे थेट सात. पहिल्या पाच गोळ्यांत पंधरा मार्क गेल्यावर मी पाकीट उलटं करून बघितलं. हाय व्हेलॉसिटी. दोस्त नंतर म्हणाला, ‘‘मला वाटलं तुला माहीत आहे.’’

ग्रुपमधला फरक लॉटचा असतो. एकाच कंपनीची, एकाच नावाची, दोन लॉटची गोळी एका नळीतून वेगळी जाते आणि ते कोणत्याही कागदावर लिहिलेलं नसतं. असोसिएशनमार्फत जे मिळेल त्यातले दोन-तीन लॉट घे. वाऱ्याला झोप लागलेली असते तेव्हा, सकाळी सातला, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मार. गोळी बदललीस की पहिल्या वीसेक गोळ्या मोजू नकोस, नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. मग दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप. तीनच गोळ्यांचा सुंदर ग्रुप म्हणजे स्थळाबरोबर आलेला फोटो, त्यावर लग्न ठरवू नये. जो लॉट पाचही वेळा सारखा बसेल त्याची पाकिटं जमतील तेवढी घेऊन ठेव.

आणि कोल्हापूर काही लांब नाही. तेजस्विनी सावंत तिथलीच, २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (तीन पवित्र्यांतून मारायचं) ब्राँझ घेतलं ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं. सह्याद्रीच्या कडेचा वारा त्यांनाही होताच की.

प्रश्न : रामराम सुभेदारसाहेब. आमच्या बाबांची .३१५ रायफल शेतराखणीसाठी आहे, आता लायसन माझ्या नावावर झालं. यंदा डुकरांनी निम्मं भात लोळवलंय. डुकराला हलकी गोळी घ्यावी की जड? जरा खासगीत सांगा.
(एक शेतकरी, जांबोटी भाग, खानापूर)

उत्तर : खासगीत काय सांगू, मासिकात लिहितोय!

.३१५ ला निवड अशी नाहीच. आपल्याकडं चालते ती खडकीच्या कारखान्याची मऊ नाकाची गोळी, २४४ ग्रेन. शहापूरच्या शेठना विचारा, एक तोळा चार मासे आणि वर थोडं. ही गोळी मूळ ऑस्ट्रियन लष्कराच्या जुन्या काडतुसावरून आलेली, म्हणून एवढी जड. जड असून मंद आहे, पण मंद म्हणजे गरीब नव्हे. चुकली तर दोन किलोमीटरपलीकडंही माणूस मारू शकते. तुमच्याकडं एका बांधावर तुम्ही, दुसऱ्या माळ्यावर शेजारी, तिसऱ्यावर त्याचा पोरगा राखणीला. रात्री बॅटरीच्या उजेडात पिकामागं कोण बसलंय हे कुणालाच दिसत नाही. मला स्वतःला तीस वर्षं रायफल धरूनही त्या अंधारात घोडा दाबायचं धाडस होणार नाही.

कायद्याचंही ऐका. राखणीचं लायसन म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायचं तरी वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. त्याशिवाय डुक्कर पाडलं तर भातही गेलं, रायफलही गेली आणि तुम्हीही गेलात. भीमगड अभयारण्य तुमच्या उशाशी आहे, गार्ड लोकांचे कान तीक्ष्ण असतात.

तेव्हा नुकसानीचे फोटो काढा, सातबाऱ्याऐवजी आपल्याकडं जो पहाणीचा उतारा मिळतो तो जोडा आणि वनखात्याच्या रेंज ऑफिसात भरपाईचा अर्ज द्या. अर्ज पोराकडून कन्नडमध्ये लिहून घ्या. आपल्या मनात काय असायचं ते असो, कन्नड अर्ज लवकर हलतो. डबे, फटाके, माळ्यावरची आरोळी हे जुनेच उपाय आळीपाळीनं करा, एकच रोज केला तर डुक्कर सोकावतं. कुंपणात थेट लाईनचा करंट मात्र कोणी कितीही सांगितलं तरी सोडू नका. त्यात डुकराआधी गुराखी सापडतो.

आणखी एक. निवडणूक लागली की बहुधा रायफल ठाण्यात जमा करायला सांगतात. पावती घेताना रायफलीचा नंबर स्वतः वाचून बघा. माझ्या एका पाहुण्याला तीन महिन्यांनी दुसऱ्याचीच बंदूक परत मिळाली. त्याच्या बंदुकीपेक्षा ती चांगली होती म्हणून हा पठ्ठ्या गप्प बसला, आणि पुढच्या वेळी लायसन नवं करायला गेल्यावर नंबर जुळेना.